थ्रॉटलवरचा हात

सोमवारी ऑफिसात कॉफीच्या मशीनपाशी पहिला प्रश्न आला, "मग, किती पळवली?" आणि मला आकडा सांगता येईना. शनिवारचा अख्खा दिवस मी हजार हॉर्सपॉवरच्या बोटीत काढला होता, वेग दाखवणारी चकचकीत तबकडी माझ्या नाकासमोर होती, आणि मी तिच्याकडे धड पाहिलंच नव्हतं. ऐंशीच्या आसपास असेल, असं काहीतरी पुटपुटलो. मैल. विचारणारा पुण्याचाच. त्याने मनातल्या मनात किलोमीटर केले, भुवया उंचावल्या आणि खूश होऊन गेला. मी मात्र खट्टू झालो. डेट्रॉइटात इंजिनांवर पोट भरणारा माणूस मी. आकडा न बघता परत येतो म्हणजे काय? दिवसभर मीटिंगा चालू असताना हळूहळू लक्षात येत गेलं की त्या बोटीत मी एकच गोष्ट बघत बसलो होतो. सत्तरीला टेकलेल्या एका बाईंचा उजवा हात.

साहेब म्हणजे माझे इथले पहिले बॉस. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली, पण घरी आम्ही अजून त्यांना 'साहेब'च म्हणतो, आणि ओघाने त्यांची बायको 'बाईसाहेब'. याचा अर्थ मी त्यांना एकदा समजावून सांगितला होता. साहेब हसले, बाईसाहेबांनी तो शब्द पाठ करून ठेवला. दर जूनच्या शेवटी डेट्रॉइटजवळच्या लेक सेंट क्लेअर या तळ्यावर त्यांच्या ओळखीतल्या वेगवान बोटवाल्यांचा मेळावा भरतो. मेळावा म्हणजे ना संस्था, ना बॅनर, ना मंडप. एकमेकांना फोन करतात, तारीख ठरते, हवा बिघडली तर पुढचा शनिवार. लांबट, टोकदार, नाळ आकाशाकडे आणि बूड पाण्यात जड, अशा बोटी एका मरीनात, म्हणजे बोटी लावायच्या धक्क्यात, जमतात. यंदा साहेब म्हणाले, "दोघं या." बायकोने आधी चिवडा करायला घेतला आणि मग विचारलं, "कुठे जायचंय नक्की?"

शर्यत नाही, हा त्यांचा एकमेव नियम. त्याऐवजी असतो पोकर रन. पाच थांबे ठरलेले. प्रत्येक थांब्यावर पाकिटातून पत्त्याचं एक पान उचलायचं, आणि शेवटी ज्याची पाच पानं भारी तो जिंकला. कोण आधी पोचलं याला काडीचीही किंमत नाही. दिवाळीत तीन पत्ती खेळून वाढलेल्या माणसाला हे लगेच पटतं: नशिबाला पुढे केलं की कोणी इरेला पेटत नाही. निदान तसं म्हणायचं तरी असतं. कारण दोन बोटी शेजारीशेजारी आल्या की दोघांचीही इंजिनं हळूच एक सूर वर चढतात, आणि सगळे दुसरीकडे बघतात.

या बोटींना इथे 'ऑफशोर' म्हणतात, म्हणजे भर समुद्रातल्या. लेक सेंट क्लेअरपासून समुद्र शेकडो मैल लांब. 12 ऑगस्ट 1679 या दिवशी, संत क्लेअरच्या सणाला, ला साल नावाचा फ्रेंच माणूस 'ग्रिफॉन' हे जहाज घेऊन इथे शिरला आणि तळ्याला नाव मिळालं. तळं केवढं, तर अमेरिकेच्या काठावरून कॅनडा दिसत नाही. खोली मात्र सरासरी साडेतीन मीटर. आपल्याकडच्या विहिरीही याहून खोल असतात. मालवाहू जहाजांसाठी मधून आठ-साडेआठ मीटरचा चर खणून ठेवलाय. त्यातून हजार हजार फुटी जहाजं लोहखनिज घेऊन जातात, आणि लांबून बघितलं तर एखादी इमारत पाण्यावरून सरकतेय असा भास होतो. उथळ पाण्यावर वारा सुटला की लाटा आखूड, उभ्या आणि एकीला लागून एक येतात. समुद्राची लाट उचलते आणि सोडते. ही नुसती ठोसे मारते. त्यामुळे इथली माणसं म्हणतात, आम्ही ऑफशोरवाले नाही असं कोणी म्हणून दाखवावं. वर गोड्या पाण्याचा फायदा: इंजिनाला गंज नाही.

सकाळी मरीनात पोचलो तेव्हा जमिनीवर कुरकुर वाजत होतं. फिश फ्लाय. या दिवसांत तळ्यातून हे नाजूक, लांब शेपटीचे किडे लाखांनी वर येतात, एक-दोन दिवस जगतात, आणि दिव्याखाली, पायऱ्यांवर, गाड्यांच्या काचांवर मरून पडतात. पायाखाली चुरडतात. वास थेट सुकटीचा. बायकोने नाक मुरडलं. मी रेवसच्या धक्क्यावर पोचलो होतो.

पेट्रोलच्या धक्क्यावर रांग होती. साहेबांच्या बोटीत दोन इंजिनं, प्रत्येकी 8.2 लिटरची, 525 हॉर्सपॉवरची. पूर्ण ताकदीने पळवली तर दोन्ही मिळून तासाला तीनशे लिटरच्या वर पितात. साहेबांनी नळी टाकीत खुपसली आणि पंपाच्या मीटरकडे पाठ करून, हात बांधून, ढगांकडे बघत उभे राहिले. मागच्या बोटीचा मालकही तसाच. त्याच्या मागचाही. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. टाकी भरल्याचा खटका पडेपर्यंत सगळी रांग तोंड फिरवून उभी. मी मात्र बघितलं मीटर. बघितलं आणि आमच्या घरात रोज ओला कचरा वेगळा काढण्यावरून होणारी भांडणं आठवली. बायकोनेही बघितलं असावं, कारण चिवड्याचा डबा तिने उगाचच घट्ट धरला होता.

क्लिंटन नदीतून तळ्यापर्यंत जाताना लाट उठवायला बंदी आहे. दोन्ही काठांना घरं, बांधलेल्या बोटी, गळ टाकून बसलेली मुलं. हजार हॉर्सपॉवरचं धूड चालत्या माणसाच्या वेगाने जात राहतं, आणि त्या वेगात त्याचा आवाज फार वाईट असतो: दर दोन सेकंदांनी घसा खाकरल्यासारखा. काठावरची एक आजीबाई खुर्चीवरून उठली आणि आत जाऊन दार लावून घेतलं. तिच्याकडे बघून साहेबांनी टोपी काढली, तोपर्यंत दार लागलं होतं.

तळ्याच्या तोंडाशी आल्यावर बाईसाहेब मागच्या सीटवरून उठल्या. जाकीट घट्ट केलं, किल स्विचच्या दोरीची कडी साहेबांच्या जाकिटाला अडकवली (माणूस जागेवरून फेकला गेला की दोरी निसटते आणि इंजिन बंद पडतं), आणि नवऱ्याच्या उजवीकडे येऊन उभ्या राहिल्या. साहेबांनी थ्रॉटलवरचा, म्हणजे इंजिनांचा वेग कमी-जास्त करणाऱ्या दांड्यांवरचा, हात काढला. तिथे बाईसाहेबांचा आला. दोघांत एक शब्द झाला नाही. मला वाटलं, बायको हौसेने थोडा वेळ चालवणार असेल.

तसं नव्हतं. सुकाणू साहेबांकडे, वेग बाईसाहेबांकडे, अशी त्यांची वाटणी तिसेक वर्षांपासूनची.

याला कारण आहे. या वेगात बोट लाटेवर चढून सुटली की क्षणभर हवेत असते आणि मागचे पंखे पाण्याबाहेर येतात. पाण्याचा विरोध गेला की इंजिन मोकाट सुटतं, फेरे एकदम चढतात. त्याच फिरत्या अवस्थेत पंखा परत पाण्यात घुसला तर धक्का थेट गिअरना बसतो, आणि दात तुटले की काही हजार डॉलर तळ्याच्या तळाशी. म्हणून बोट सुटायच्या क्षणी थ्रॉटल मागे घ्यायचा आणि ती टेकायच्या जरा आधी पुन्हा पुढे. हे प्रत्येक लाटेला. सुकाणूवर पकड ठेवून, समोरचे ओंडके, मासेमार, दुसऱ्या बोटी बघून, हेही एकट्याने करायचं तर दोन्हीकडे चुकतं. शर्यतींत म्हणूनच दोन माणसं असतात: एक वळवतो, दुसरा थ्रॉटल सांभाळतो.

हे सगळं मला इंजिनिअर म्हणून माहीत होतं. बघितलं नव्हतं कधी. चार बोटं दोन्ही दांड्यांवर पसरलेली, मनगट सैल, आणि हात सतत इंचभर मागे-पुढे. पाण्याकडे त्या बघतच नव्हत्या म्हटलं तरी चालेल. मान किंचित कलती, कान इंजिनांकडे. मला काही दिसायच्या, ऐकू यायच्या आधी हात मागे आलेला असायचा, मग पोटात खड्डा, मग बुडाखाली दणका, आणि दणक्याच्या आधीच हात परत पुढे. एकदा त्यांनी थ्रॉटल चांगलाच मागे खेचला आणि मला कारण कळेना. बोट बसली, तेव्हा जहाजामागून आलेली एक लांब, गुळगुळीत लाट पुढे दिसली. साहेबांनी फक्त मान हलवली. डोळ्यांतून पाणी, कानांत वारा, केसांत मेलेले किडे. तबकडीकडे बघायला कुणाला वेळ होता?

तेव्हाच मला भाऊच्या धक्क्यावरची लाँच आठवली. लहानपणी आजोळी जायचं म्हणजे भाऊचा धक्का ते रेवस. आई वर, वाऱ्याला. मी खाली इंजिनापाशी, कारण तिथे मळमळत नाही असं मी सांगायचो. खरं कारण ड्रायव्हर. सुकाणू धरणारा वर बसायचा, त्याला समुद्र दिसायचा, पण इंजिन त्याच्या हातात नसायचं. ड्रायव्हर खाली, अंधारात, डिझेलच्या धुरात. इंजिन त्याच्या हातात, पण समुद्र त्याला दिसायचा नाही. दोघांच्या मधे एक दोरी आणि एक घंटी. वरून दोरी ओढली की खाली टण्ण. मग ड्रायव्हर हातातला तेलकट चिंध्यांचा बोळा ठेवायचा आणि पुढे, मागे किंवा बंद. धक्का जवळ आला की घंटांची घाई व्हायची, आणि तो मात्र शांतपणे एकेक हुकूम पाळत राहायचा. लाँच कशाला आपटणार होती की नाही हे त्याला सगळ्यात शेवटी कळायचं. मी एकदा त्याला विचारलं होतं, वरच्याने चुकीची घंटा वाजवली तर? तो म्हणाला, "मग त्याला शिव्या घालायच्या, पण घंटा ऐकायची."

साहेब-बाईसाहेबांत घंटाही नव्हती.

दुपारच्या थांब्यासाठी अल्गोनॅकला गेलो. नदीकाठचं हे छोटं गाव. आज तिथून जाणाऱ्याला काही विशेष वाटणार नाही, पण क्रिस-क्राफ्टच्या लाकडी बोटी इथल्या, आणि शर्यतबाज गार वुडही इथेच येऊन बोटी बांधायचा. डंपरची मागची बाजू ज्या हायड्रॉलिक दांड्याने उचलली जाते, तो काढून या माणसाने पैसा केला आणि सगळा पाण्यात घातला, शब्दशः. 1932 च्या सप्टेंबरात याच सेंट क्लेअर नदीवर त्याने 'मिस अमेरिका दहावी' पळवली: अडतीस फूट लांबी, चार पॅकार्ड इंजिनं, मिळून 6,400 हॉर्सपॉवर, वेग ताशी 124.86 मैल. बोटीवर तो नवसाला पावणारी दोन टेडी अस्वलं ठेवायचा. आणि शेजारी त्याचा मेकॅनिक, ऑर्लिन जॉन्सन. नाव गार वुडचं झालं. जॉन्सनचं नाव मला साहेबांनी सांगितलं, आणि सांगताना त्यांनी बाईसाहेबांकडे बघितलं नाही, हे मला मुद्दाम वाटलं.

मग नदीकाठी बर्गर खाताना तीच गोष्ट निघाली. रे हंट नावाच्या बोट-रचनाकाराने तळ खोल इंग्रजी व्हीसारखा केला, 24 अंशांच्या आसपास चढ ठेवून, आणि लाट फोडत जाणारी बोट शक्य झाली. 1960 च्या मायामी-नासाऊ शर्यतीत खवळलेल्या समुद्रात तसली बोट डिक बर्ट्रमने पहिली आणली. तिसरी बोट पोचायला दुसरा दिवस उजाडला. त्या बोटीचं नाव 'मॉपी', बर्ट्रमच्या बायकोचं लाडाचं नाव. "नाव बायकोचं आणि सुकाणू नवऱ्याकडे," बाईसाहेब म्हणाल्या, "सोयीचं असतं." मग त्यांनी बेटी कुकची गोष्ट सांगितली. कॅलिफोर्नियाची, नातवंडं असलेली बाई, 1977 ची ऑफशोरची जगज्जेती. सुकाणू तिच्या हातात आणि थ्रॉटलवर पुरुष. बाईसाहेबांच्या तरुणपणी ही बातमी आली होती. त्यांनीही साहेबांकडे सुकाणू मागितलं. महिनाभर धरलं आणि परत दिलं. का, विचारल्यावर म्हणाल्या, "वळवण्यात काय आहे? तो कुठे चाललाय ते सगळ्यांना दिसतं. पोचणार का, ते माझ्या हातात असतं."

साहेब सॉस शोधत होते.

संध्याकाळचा थांबा मस्कामूट बेमध्ये. पाणी कमरेएवढं, तळाला वाळू, आणि इतकं स्वच्छ की नांगराचा दोर शेवटपर्यंत दिसतो. 1988 मध्ये परदेशी जहाजांच्या पाण्याबरोबर आलेले बारीक पट्टेरी शिंपले याच तळ्यात पहिल्यांदा सापडले. ते पाणी गाळून पितात, त्याची ही स्वच्छता. चांगलं की वाईट, विचारू नये. बोटी एकमेकींना दोरांनी बांधल्या, आणि सगळी माणसं पाण्यात उतरून गळ्यात गळे घालून उभी. कोणी इंजिनावरचं झाकण उघडलं की दहा जण त्यात डोकं घालणार. कोणाला पाना हवा, कोणाकडे तो आहे, कोणाचा मेहुणा गेल्या वर्षी बरगड्या मोडून घेऊन बसला. आमच्यासारखे चेहरे आम्हीच दोघं. काही बोटींवरचे झेंडे असे होते की एरवी मी तिथून लवकर निघालो असतो. पण चिवड्याचा डबा या बोटीतून त्या बोटीत फिरू लागला, आणि एका भल्यामोठ्या, गोंदवलेल्या हातांच्या माणसाने त्यातले शेंगदाणे तेवढे वेचून खाल्ले, तेव्हा बायको मराठीतून म्हणाली, "अगदी आपले बाबा." मला तो माणूस आवडला आणि त्याचा झेंडा आवडला नाही. दोन्ही खरं. थोड्या अंतरावर पत्र्याच्या छोट्या होडीत एक मासेमार बसला होता. आम्ही येताना उठवलेल्या लाटांवर त्याची होडी बराच वेळ हलत राहिली होती. साहेबांनी त्याला हात केला. त्याने केला नाही. साहेब म्हणाले, "बरोबर आहे त्याचं."

पानं उघडली. जिंकली सगळ्यात हळू बोट, तीन राण्या. बक्षीस कोणत्यातरी दवाखान्याला दिलं जातं. टाळ्या झाल्या, बिअर सांडली.

गप्पा मात्र दिवसभर एकाच विषयाकडे वळत होत्या: आउटबोर्ड. आता बहुतेक नव्या बोटींना आत इंजिन नसतंच. मागे तीन-तीन, चार-चार आउटबोर्ड टांगलेली, प्रत्येकी चारशे-साडेचारशे हॉर्सपॉवरची, आणि सगळी संगणकाने एकमेकांशी बांधलेली. धक्क्याला लावायचं तर जॉयस्टिक. एक माणूस, एक हात. त्या दिवशी आलेल्यांपैकी निम्म्या बोटी तशाच होत्या, त्यांचे मालक तरुण, आणि त्यांच्या बायका मागे गाद्यांवर फोनमध्ये. जुन्या बोटवाल्यांना याचं दुःख आहे, पण ते दुःख त्यांनी विकायलाही काढलंय. दोन बोटींवर 'विकणे आहे'च्या पाट्या मी वाचल्या. 2017 च्या मार्चमध्ये मुंबईत मरीन ड्राइव्हला पॉवरबोटींची शर्यत झाली होती, तेव्हा भावाने फोटो पाठवला होता: राणीच्या हारासमोर पाणी उडवत जाणाऱ्या बोटी आणि कट्ट्यावर बसलेली गर्दी. साहेबांना तो मी दाखवला. त्यांनी फोटो मोठा केला, गर्दीकडे नाही, इमारतींकडे नाही. बोटीत किती माणसं आहेत ते मोजलं. "दोन," म्हणाले, आणि फोन परत दिला.

परतीच्या वाटेवर बाईसाहेबांनी एकदा थ्रॉटल सोडून खांदा दाबला. तेवढ्यात साहेबांनी वेग उतरवला. मला वाटलं थकल्या असतील. काही आठवड्यांनी त्यांचा फोन आला. खांद्याचं ऑपरेशन हिवाळ्यात आहे. डॉक्टर म्हणतात, पुढच्या उन्हाळ्यात लाटांचे धक्के नकोत. मित्रमंडळींचे सल्ले सुरू झालेत: पायाने दाबायचा थ्रॉटल बसवून घ्या, गाडीसारखा, किंवा बोट काढून आउटबोर्ड घ्या, साहेब एकटे चालवतील. साहेबांचं काय म्हणणं आहे, मी विचारलं. "तो काही म्हणत नाही. मेला गॅरेजमध्ये जाऊन बसतो." 'मेला' हा अनुवाद माझा. मग त्या म्हणाल्या, "तुला इंजिन ऐकता येतं. तुझं कामच आहे ते. मी शिकवते."

बोट तोपर्यंत पांढऱ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून शेडमध्ये. तर शिकवायचं कसं? बाईसाहेबांनी गेल्या काही वर्षांतल्या दौऱ्यांचे व्हिडिओ काढले, त्यांतला नुसता आवाज कापला, आणि त्या एकेक क्लिप मला पाठवतात. चित्र नाही, फक्त इंजिनं आणि वारा. जिथे हात मागे घ्यायचा तिथे मी टेबलावर टकटक करायची. मी ऑफिसच्या रस्त्यावर गाडीत लावतो, सिग्नलला थांबलो की स्टिअरिंगवर बोटं वाजवतो. घरी जेवणाच्या टेबलावर लावतो. अमुक मिलिसेकंद उशीर, असा तक्ता मी केलाय. बाईसाहेबांनी तो बघून दुसऱ्याच क्लिप पाठवल्या. हो मी अजून म्हटलेलं नाही. त्या नवरा-बायकोच्या मधे उभं राहायचं म्हणजे नुसतं यंत्र सांभाळायचं काम नव्हे, आणि पेट्रोलच्या मीटरकडे पाठ करून उभं राहायला मला अजून जमेल असं वाटत नाही. पण क्लिप यायच्या थांबल्या नाहीत आणि मीही ऐकायचं थांबवलं नाही. काल रात्रीचीच गोष्ट. मी डोळे मिटून, श्वास रोखून, दर लाटेला हमखास उशिरा. समोर बायको मेथी निवडत होती, मान वर न करता म्हणत होती, "आता... आता... हां, आता."